त्रुटी क्रमांक पाचशे

सन १९९९ च्या मार्च महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, धुळे येथील जिल्हा गाऱ्हाणी निवारण कक्षाच्या संगणकावर एक त्रुटी उपस्थित झाली. ती वेळेवर आली असे म्हणता येणार नाही. पण कक्षातले बाकीचे कर्मचारीही त्याच सुमारास उपस्थित झाले होते, त्यामुळे तिला कुणी काही बोलले नाही.

त्या वेळी संगणकासमोर वरिष्ठ लिपिक तोताराम बोरसे एकटाच होता. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे, असा लेखी आदेश होता, आणि तोतारामच्या उजव्या मोज्याला भोक होते. म्हणून तो उजवा पाय डाव्या पायाखाली दडवून बसला होता. पडद्यावर इंग्रजीतल्या तीन ओळी होत्या आणि त्यांच्या डोक्यावर ठळक आकडा होता: पाचशे.

मुळात हे प्रकरण एका परिपत्रकातून निघाले होते. प्रत्येक जिल्ह्याने आपले संकेतस्थळ उघडावे, जनतेची गाऱ्हाणी त्यावर दिसावीत आणि कोणते गाऱ्हाणे कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे हेही दिसावे, असे विभागातून कळवण्यात आले होते. संकेतस्थळ म्हणजे नेमके काय, हे परिपत्रकात नव्हते. ते कधी उघडायचे, हे मात्र होते. पंधरा मार्चला विभागाचे मोठे साहेब धुळ्याला येऊन स्वतः बटण दाबणार होते.

कक्षप्रमुख शालिग्राम देवरे साहेबांनी हे काम तोतारामच्या गळ्यात घातले, कारण टंकलेखनाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला कक्षात तो एकटाच होता. तोतारामने तक्रार केली नाही. त्याचे एक काम साहेबांकडे अडले होते.

तोतारामची बायको प्रमिलाबाई अमळनेरला शाळेत गणित शिकवायची. नवरा-बायको दोघेही नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एका ठिकाणी ठेवावे, असा सरकारचा फार प्रेमळ नियम आहे. त्या नियमाखाली तोतारामने अमळनेरला बदली मागितली, त्याला चार वर्षे झाली होती. चार वर्षे तो शनिवारी कचेरी सुटली की एसटी पकडून अमळनेरला जायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने धुळ्याला परत यायचा. धाकटी लेक त्याला ‘शनिवारचे पप्पा’ म्हणायची. शेजारणींना ते फार गोड वाटायचे. तोतारामला अजिबात वाटायचे नाही.

“बोरसे,” देवरे साहेब म्हणाले होते, “पंधरा तारखेला संकेतस्थळ उघडलं, की सोळा तारखेला तुमच्या बदलीवर माझी सही. शब्द आहे आपला.”

संकेतस्थळ बनवले होते जळगावच्या बन्सीलाल सरांनी. त्यांचा तिथे कॉम्प्युटर क्लास होता. जळगावला ते व्यवस्थित चालले होते. पुरावा म्हणून सरांनी एक रंगीत फोटोही आणून दिला होता: पडद्यावर गाऱ्हाण्यांची यादी आणि शेजारी हाताची घडी घालून उभे असलेले बन्सीलाल सर. धुळ्याला आल्यावर मात्र यादी गेली आणि पाचशेचा आकडा आला.

सतरा वर्षांच्या नोकरीत तोताराम एक गोष्ट पक्की शिकला होता. नंबर असलेली कोणतीही वस्तू समोर आली, की आधी ती आवक नोंदवहीत चढवायची, वाचायची नंतर. त्याने वही ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘त्रुटी. क्रमांक ५००. भाषा इंग्रजी. संगणकातून प्राप्त.’ वेळ टाकली, सही केली, वही साहेबांपुढे ठेवली. इथेच त्याचे चुकले.

देवरे साहेबांनी नोंद दोनदा वाचली.

“पाचशे?”

“हो साहेब.”

“आणि एक ते चारशे नव्याण्णव?”

“त्या आल्या नाहीत साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला. “बोरसे, पाचशे नंबरचा कागद आला, याचा अर्थ चारशे नव्याण्णव आधी येऊन गेले. ते कुणी दाबले?”

तोताराम या तर्कातली चूक शोधू लागला. सापडेना. नव्या लिपिकांना तो स्वतः सतरा वर्षे याच तर्काने धारेवर धरत आला होता.

बन्सीलाल सरांना फोन लावावा, असे ठरले. पण कक्षात फोनची लाइन एकच, आणि संगणकही त्याच लाइनवर चालायचा. फोन लावला की त्रुटी जायची. त्रुटी दिसायला लागली की फोन जायचा. म्हणजे त्रुटी असताना तिच्याविषयी विचारता येत नव्हते, आणि विचारता येत होते तेव्हा ती नव्हती. शेवटी शिपाई जीवराम याला रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवर पाठवले. जीवराम निवृत्तीला आला होता. रस्ता ओलांडायला त्याला सात मिनिटे लागायची आणि परत यायला, मध्ये चहा असल्यामुळे, वीस.

“सर म्हनतस, घाबरू नका,” जीवराम दारातून म्हणाला. “पाचशे म्हंजे पाचशेवी चूक नही. तो चूकना प्रकार शे. कोठे तरी एक ओळ चुकनी शे. मशीन एकदाव बंद करा नि चालू करा.”

तोतारामचा जीव भांड्यात पडला. साहेबांचा पडला नाही.

“सरकारात प्रकाराला अ, ब, क असतं,” ते म्हणाले. “आकडा म्हणजे अनुक्रमांक. आणि कार्यालयीन वेळेत शासकीय यंत्र बंद करायचं? उद्या कुणी विचारलं, यंत्र बंद का होतं, तर काय सांगू?”

“बंद करून लगेच चालू करायचंय साहेब.”

“म्हणजे दोन आदेश. बंद करण्याचा अधिकार माझा आहे. चालू करण्याचा विभागाचा आहे. मी बंद केलं आणि विभागानं चालू केलं नाही, तर?”

यंत्र चालूच राहिले. उलट, त्रुटी नाहीशी होऊन पुरावा नष्ट झाल्याचा ठपका येऊ नये, म्हणून फोनची लाइनही संगणकालाच जोडून ठेवण्याचा आदेश निघाला. संध्याकाळी तोतारामच्या हातात खुलासा मागणारी नोटीस पडली. प्रलंबित प्रकरणे क्रमानेच निकाली काढावीत, असा नियम असल्याने आधीच्या चारशे नव्याण्णव त्रुटी निकाली निघाल्याखेरीज पाचशेव्या त्रुटीला हात लावता येणार नाही, असे तिच्यात म्हटले होते. खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते: ‘बदलीचा विचार त्यानंतर.’

आता आल्याच नाहीत त्या त्रुटी आणायच्या कुठून? तोतारामने रात्रभर विचार केला असे नाही, तो झोपला. सकाळी उठून त्याने कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला आणि स्वतःच त्रुटी लिहायला बसला.

पहिल्या पन्नास सहज निघाल्या. पंखा लावला की कागद उडतात. पंखा बंद केला की साहेब उठून जातात. तक्रारपेटीची किल्ली तक्रारपेटीत आहे. प्रत्येक त्रुटीखाली तो निकालही लिहायचा: ‘कागदांवर वजन ठेवण्यात आले. निकाली.’ ‘साहेब परत आले. निकाली.’ किल्लीच्या प्रकरणात ‘पेटीत सुरक्षित असल्याची खात्री केली’ असे लिहून ते मिटवले. सव्वाशेच्या पुढे मात्र गाडी अडली. एवढ्या वर्षांत कक्षात त्रुटी कमी नव्हत्या, पण त्या लिहायच्या म्हटल्यावर सहीसाठी ज्यांच्याकडे जाणार त्यांच्याच निघत होत्या.

मग जीवराम मदतीला धावला. “भाऊ, मना घरन्या चालतीन का?” त्याने विचारले, आणि तोतारामने हो म्हणताच तो भिंतीला टेकून बसला आणि सांगत सुटला. एकशे सव्वीस ते दोनशे नव्वद या त्रुटी एकट्या जीवरामच्या कुटुंबातल्या आहेत. त्यातली दोनशे बारावी शेजारच्या बेबाबाईच्या कोंबडीविषयी आहे. ती जीवरामच्या अंगणात येऊन अंडे देते आणि अंडे कुणाचे यावर अकरा वर्षे वाद आहे. तोतारामने निकाल दिला, ‘कोंबडीस समज देण्यात आली.’ ही नोंद साहेबांनी सहीसह मंजूर केली असून ती आजही पाहायला मिळते.

या भानगडीत शनिवार आला आणि गेला. तोताराम अमळनेरला गेला नाही. प्रमिलाबाईंनी कक्षात फोन लावला, पण लाइन त्रुटीने अडवलेली. तेव्हा त्यांनी अमळनेर-धुळे गाडीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवली: ‘मंगळवारी शाळेत आपल्या धाकटीचा नाच आहे. येणार का?’ तोतारामने त्याच कंडक्टरबरोबर उत्तर पाठवले: ‘चारशे अकरापर्यंत आलो आहे.’ चिठ्ठी दिल्यावर त्याच्या लक्षात आले, की बायकोला यातले काही कळणार नाही. तो बसस्टँडवर तसाच उभा राहिला. त्याला फार वाईट वाटले. मग चारशे बारावी त्रुटी म्हणून त्याने तेच लिहिले, आणि खाली निकाल काय द्यावा हे न सुचल्यामुळे नुसते ‘निकाली’ लिहिले.

अकरा मार्चला चारशे नव्याण्णव त्रुटी पूर्ण झाल्या. साहेबांनी तीन तास सह्या केल्या आणि पाचशेव्या त्रुटीचा मार्ग कायदेशीररीत्या मोकळा झाला. बन्सीलाल सरांना पत्र गेले. बारा तारखेला ते जळगावहून पारोळ्यामार्गे एसटीने आले, चपला काढून खोलीत शिरले आणि दीड मिनिटात म्हणाले, “सापडली. ही बघा, ही एक ओळ जास्तीची आहे. ती खोडली की झालं.”

“खोडली?” देवरे साहेब म्हणाले.

“हो. ही अशी.”

“हात लावू नका!” साहेब ओरडले. “शासकीय दस्तऐवजात खोडाखोड चालत नाही. खोडायचंच असेल तर खोडलेल्या जागी सक्षम अधिकाऱ्याची सही पाहिजे. यात सही कुठे करू?”

बन्सीलाल सरांनी कपाळाला हात लावला. पडद्यावर सही करता येत नाही हे त्यांनी समजावून सांगितले. पडद्यावर सही होत नसेल तर पडद्यावर खोडताही येणार नाही हे साहेबांनी समजावून सांगितले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पाऊण तासाने सरांची परतीची गाडी चुकायची वेळ आली.

“मग एकच उपाय आहे,” ते वैतागून म्हणाले. “चूक दाखवू नको, असं यंत्राला सांगता येतं. चूक आत राहील. बाहेर दिसणार नाही. पण—”

तो ‘पण’ साहेबांनी ऐकला नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतके समजूतदार यंत्र त्यांना पहिल्यांदाच भेटत होते.

“अशी सोय आहे?” त्यांनी हळूच विचारले. “मग आधी का नाही बोललात?”

सरांनी दोन बटणे दाबली. पाचशेचा आकडा गेला, इंग्रजीतल्या तीन ओळी गेल्या आणि पडदा धुतल्यासारखा पांढरा झाला. तोताराम वाट पाहत राहिला.

“यादी कुठे आहे सर?”

“यादी चुकीच्या मागे आहे. चूक काढत नाही तोवर यादी येत नाही.”

“आणि चूक?”

“चूक आता दिसत नाही.”

एवढे बोलून सर चपला घालून बसस्टँडकडे गेले.

पंधरा तारीख उजाडली. कक्षाच्या दारात मांडव, संगणकाला गुलाबी फीत, झेंडूचा हार. मोठे साहेब आले, अनवाणी खोलीत शिरले, फीत कापली आणि बटण दाबले. पडदा पांढरा झाला. टाळ्या वाजल्या. टाळ्या संपल्या. पडदा पांढराच राहिला.

“सुरू झालं का?” मोठ्या साहेबांनी विचारले.

देवरे साहेबांनी तोतारामकडे पाहिले. सगळ्यांनीच तोतारामकडे पाहिले. तोतारामला त्या क्षणी पडदा दिसत नव्हता. त्याला अमळनेरचे घर दिसत होते, आणि आठवड्यातल्या सातही दिवशी त्या घरात चहा पिणारा एक माणूस. त्याने घसा खाकरला.

“निरंक, साहेब.”

निरंक हा सरकारी भाषेतला फार मानाचा शब्द आहे. दर महिन्याला प्रत्येक कचेरी वर पत्रके पाठवते. ज्या रकान्यात लिहायला काही नसते तो कोरा ठेवायचा नसतो, तिथे ‘निरंक’ लिहायचे असते. मोठ्या साहेबांनी उभे आयुष्य निरंक वाचण्यात घालवले होते. प्रत्यक्षात पाहायला मिळाले ते त्या दिवशी.

“म्हणजे... जिल्ह्यात एकही गाऱ्हाणं नाही?”

“पडद्यावर तरी नाही साहेब.”

“आणि कुणाच्या टेबलावर काही पडून?”

“तेही निरंक.”

मोठे साहेब पडद्यासमोर क्षणभर हात जोडून उभे राहिले. मग बाहेर मांडवात येऊन त्यांनी जाहीर केले, की संपूर्ण विभागात धुळ्याचे संकेतस्थळ पहिले आहे, कारण इतर ठिकाणी अजून गाऱ्हाणी दिसत आहेत. देवरे साहेबांच्या गळ्यात हार पडला. तोतारामकडून जागेवरच एक प्रमाणपत्र लिहून घेतले गेले: ‘प्रमाणित करण्यात येते की, पडदा कोरा असणे हे संकेतस्थळ सुस्थितीत असल्याचे लक्षण असून, जे पडद्यावर दिसत नाही ते अस्तित्वात नाही.’ तोतारामने सही केली. दुसऱ्या दिवशी साहेब आपली सही करणार होते ना!

दुसऱ्या दिवशी साहेब सत्काराला गेले. तिसऱ्या दिवशी इतर जिल्ह्यांचे अधिकारी पडदा कोरा कसा करावा हे शिकायला आले. बन्सीलाल सरांनी जळगावला त्याचा पंधरा दिवसांचा खास वर्ग काढला, आणि पहिल्या वर्गाचे सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले. सगळ्यांची उत्तरे सारखीच होती.

आता कक्षात लोक येऊ लागले. पहिले आले लोटन आबा. त्यांचे गाऱ्हाणे तीन वर्षे जुने होते. त्यांच्या गावाची पाटी शेजारच्या गावाच्या फाट्यावर लावली गेली होती. त्यामुळे आबांच्या नातीची वरात शेजारच्या गावात गेली. तिथल्या लोकांनीही आढेवेढे न घेता स्वागत केले. सोयरीक मोडता मोडता वाचली.

“या आबा, बघा,” तोतारामने खुर्ची दिली.

“काय दखू?”

“तुमचं गाऱ्हाणं.”

आबांनी पडद्याला नाक लावले. “माले तं काहीच दिखस नही.”

“म्हणजे मिटलं.”

“मिटनं? आरे, पाटी तं आजून तठेच शे!”

“पाटी असेल आबा. गाऱ्हाणं नाही.”

आबा भडकले. कक्षाचा, तोतारामचा आणि पडद्याचा त्यांनी एकत्रच उद्धार केला. तेव्हा घाबरून तोतारामने एका कागदावर ‘पाहिले’ असे लिहिले, त्यावर गोल जांभळा शिक्का मारला आणि तो कागद आबांच्या हातात दिला. आबांनी कागद उलटसुलट पाहिला. शिक्क्यावर बोट फिरवले. तीन वर्षांत आठ खेपा झाल्या होत्या, आणि या कचेरीतून ते पहिल्यांदाच काहीतरी घेऊन घरी जात होते. त्यांचा आवाज उतरला.

“आशी पावती पहिलेच दी देता, तं मी इतला बोलतू का?” ते म्हणाले, आणि पावती टोपीत खोचून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात आबा अर्धे गाव घेऊन आले. त्यांच्यामागून शेजारचेही गाव आले, कारण वराती जेवू घालून तेही कंटाळले होते. मग साक्री, शिंदखेडा, शिरपूर कुठकुठून माणसे येऊ लागली. सकाळी सातपासून ओळ लागायची. माणूस आत यायचा, चपला काढायचा, कोऱ्या पडद्याकडे एकदा पाहायचा, पावती घ्यायचा आणि समाधानाने बाहेर पडायचा. काही जण दोन प्रती मागायचे. एक गृहस्थ तर गाऱ्हाणे काहीच नसताना आले होते. सगळ्यांकडे पावती आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्यांना घरी बसून सोसवेना.

मे महिन्यात एक अपघात झाला. लाइनमध्ये काय बिघाड झाला कुणास ठाऊक, पण एका दुपारी पडदा थरथरला आणि त्यावर गाऱ्हाण्यांची यादी आली. नावासह, गावासह, टेबलासह. पहिल्याच ओळीत देवरे साहेबांचे टेबल होते. ओळीतल्या लोकांत घबराट उडाली. “बिघडनं, बिघडनं!” असा गलका झाला. तोतारामने आवक नोंदवही ओढली आणि लिहिले, ‘त्रुटी क्रमांक ५०१. पडद्यावर गाऱ्हाणी दिसली.’ जीवरामला बूथवर पिटाळले. बन्सीलाल सर मिळेल त्या गाडीने आले आणि संध्याकाळपर्यंत पडदा दुरुस्त होऊन पुन्हा कोरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यानंतर मात्र देवरे साहेबांना आपला शब्द आठवला. तो माणूस शब्दाचा पक्का होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी तोतारामला बोलावले, पेढा दिला आणि म्हणाले, “अभिनंदन बोरसे. झाली तुमची बदली. अमळनेर.”

तोतारामच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने आदेशासाठी दोन्ही हात पुढे केले.

“आता कागद नाही,” साहेब म्हणाले. “नवं परिपत्रक आहे. सगळे आदेश संकेतस्थळावरच. मी सकाळीच टाकायला सांगितलाय. जा, बघून घ्या.”

तोताराम चपला काढून खोलीत गेला. बराच वेळ बघत बसला. परत आला.

“साहेब, कोरं आहे.”

“असणारच. सुस्थितीत आहे.”

“पण आदेश दिसत नाही.”

साहेबांनी कपाटातून ते प्रमाणपत्र काढले आणि मोठ्याने वाचले. जे पडद्यावर दिसत नाही ते अस्तित्वात नाही. खाली सही: तो. झु. बोरसे. अमळनेरच्या कचेरीने एसटीडीवरून कळवले, की आमच्याही पडद्यावर कोरे आहे, सबब हजर करून घेता येत नाही. तोतारामने आदेश आहे असे म्हणावे, तर त्याचे प्रमाणपत्र खोटे ठरत होते; प्रमाणपत्र खोटे ठरले तर चौकशी; आणि चौकशी चालू असलेल्या माणसाची बदली होत नसते. तोताराम दोन दिवस या गोष्टीच्या चहूबाजूंनी फिरून आला. कुठेही दार नव्हते, आणि सगळ्या भिंती त्यानेच बांधल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, प्रमिलाबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून धुळ्याला आल्या. बदली झाल्याचे कळवणारी चिठ्ठी आणि न झाल्याचे कळवणारी चिठ्ठी, अशा दोन्ही चिठ्ठ्या एकाच कंडक्टरने एकाच फेरीत दिल्या होत्या. कक्षाच्या दारात त्यांनी ‘मला बोरसेंना भेटायचंय’ म्हणून पाहिले, पण ओळीतल्या बायकांनी मधे घुसू दिले नाही. त्यांचा नंबर सेहेचाळिसावा लागला.

“बसा,” तोताराम वर न बघता म्हणाला. मग त्याने वर पाहिले. “तू?”

“दाखवा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “चार वर्षं कशापायी घालवलीत ते बघू द्या.”

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. प्रमिलाबाईंनी पाहिले. त्यांनी वीस वर्षे मुलांचे पेपर तपासले होते. त्यांना फार वेळ लागला नाही.

“अहो, हे कोरं आहे.”

“हो.”

“माझ्या वर्गात कुणी कोरा पेपर दिला, तर मी शून्य देते.”

“इथे पहिला नंबर देतात,” तोताराम म्हणाला. “प्रमिला, बदली झालीय गं. देवाशपथ झालीय. याच्या आत आहे ती.”

मागून सत्तेचाळिसाव्या नंबरच्या बाईने “आटपा माय, गाडी जाई मनी” असा तगादा लावला. दारातून देवरे साहेब बघत होते. आणि काय करावे हे न कळल्यामुळे तोतारामच्या हाताने जे तो दिवसातून दोनशे वेळा करायचा तेच केले. कागद ओढला, ‘पाहिले’ लिहिले, शिक्का मारला आणि सख्ख्या बायकोच्या हातात पावती दिली.

आता ही बाई पावती फाडणार, असे जीवरामला वाटले. तोतारामलाही वाटले, किंबहुना तिने फाडावी, टेबल उलथावे, पडद्यावर पर्स फेकून मारावी, असे त्याला मनापासून वाटत होते. तसे करणारे कुणीतरी आले असते, तर तो त्याच दिवशी खरे बोलून मोकळा झाला असता.

प्रमिलाबाईंनी पावती उजेडाकडे धरली. कपाळाला आठ्या घातल्या.

“शिक्का नीट उमटला नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा मारा.”

तोतारामने पुन्हा मारला. त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, पावतीची चौघडी केली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली आणि दुपारच्या अमळनेर गाडीने निघून गेल्या.

तुम्हाला प्रमिलाबाईंचे हसू येत असेल, तर जरूर हसा. फक्त हसण्याआधी उठून आपले कपाट उघडा. खालच्या खणातली ती प्लास्टिकची पिशवी काढा. तिच्यात कुठल्याशा कचेरीची, कशाची म्हणून आता आठवत नसलेली, पण गोल शिक्का असलेली एक पावती आहे. ती फाडून टाका.

नाही ना होत? राहू द्या मग. कधी लागेल, सांगता येत नाही.